हौसाकाकीचा गळा आणि पावणेपाच टक्के

बीएस्सीचे निकाल लागले, की मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कातल्या माझ्या दाराची बेल वाजायला लागते. निवृत्त झाल्यापासून जरा जास्तच. यंदा चौथ्या मजल्यावरच्या शर्माभाभी लेकीला पुढे घालून आल्या.

"मॅडम, इसको फिजिक्स में एमएस्सी करना है. आप ही समझाओ. करके आगे क्या बनेगी? टीचर?"

मी त्यांना आमच्या वर्गाची गोष्ट सांगितली. एमएस्सीला आम्ही अठरा जण होतो. एक हवामान खात्यात गेला आणि आयुष्यभर ढगांवर रडार रोखून बसला. एक तेलाच्या पाइपलाइनींच्या सांध्यांचे एक्स-रे काढत देशभर हिंडला. एक मैत्रीण लोकांच्या शोधांचे पेटंटचे अर्ज तपासते, आणि त्यातले निम्मे शोध चहा गाळण्याचे असतात असं सांगते. तिघं सॉफ्टवेअरमध्ये गेले, एक बँकेत. एकानं केबिन रोडला क्लास काढला. तिथल्या फलकावर त्याच्या फोटोखाली 'फिजिक्सचा बादशहा' असं लिहिलंय, आणि परीक्षेत तो माझ्या मागच्या बाकावर बसायचा एवढंच मी त्याबद्दल बोलू शकते. एक जण परदेशात जमिनीखालच्या बोगद्यात कणांच्या मागे लागलाय. चार-पाच जण खरोखरच शिक्षक झाले आणि सुखी आहेत. मी हॉस्पिटलात गेले.

"हॉस्पिटल में? फिजिक्सवाली?" भाभींनी भुवया उंचावल्या. "तो आप डॉक्टर हो?"

"नाही."

"नर्स?"

"नाही."

"फिर?"

या 'फिर'चं उत्तर मी तीस वर्षं देतेय. या अंकाच्या संपादकांनाही तेच हवं होतं, म्हणून एकदा नीट लिहूनच टाकते.

कॅन्सरवर किरणांनी उपचार करतात हे बहुतेकांना ठाऊक असतं. 'शेक देणे' असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्या शब्दामुळे लोकांना वाटतं की काहीतरी गरम लागत असणार. गरम काहीच लागत नाही. लिनॅक नावाचं मशीन असतं. विजेचे कण एका नळीतून जवळजवळ प्रकाशाच्या वेगानं पळवायचे, धातूच्या तुकड्यावर आपटायचे, आणि त्यातून जे किरण निघतात ते शरीरातल्या गाठीवर नेमके सोडायचे, हे त्याचं काम. ते ठेवलेल्या खोलीला खिडकी नसते. भिंती हातभर नव्हे, माणसाच्या उंचीएवढ्या जाड असतात. माणूस आत एकटा झोपतो, बाहेर आम्ही पडद्यावर त्याला बघत असतो, दीड-दोन मिनिटं मशीन गुणगुणतं आणि संपतं. ना ऊब, ना वास, ना उजेड. एका वेळचा जो डोस असतो त्यानं गाठीचं तापमान किती वाढतं म्हणाल, तर एका अंशाच्या दोन हजाराव्या भागाइतकं. तोंडातून चहाचा घोट गेला तरी याहून कितीतरी जास्त ऊब मिळते. आणि एवढ्याशा ऊर्जेनं जिवावर उठलेली गाठ विरघळते. मी हे गणित पहिल्यांदा स्वतः मांडलं तेव्हा चूक झाली असं समजून पुन्हा मांडलं. अजूनही मांडते अधूनमधून. थक्क व्हायला बरं वाटतं.

डॉक्टर ठरवतात कुठे आणि किती. 'किती' म्हटलं तेवढंच मशीनमधून बाहेर पडतंय ना, हे बघणारी मी. मेडिकल फिजिसिस्ट. एमएस्सीनंतर वर्षाचा डिप्लोमा, मग हॉस्पिटलात उमेदवारी, मग जन्मभर मोजमाप. एक टक्का इकडेतिकडे चालतो, दोन टक्के झाले की चिंता, तीनच्या पुढे मशीन बंद. रुग्ण आम्हाला ओळखत नाहीत. बरे झाले की पेढे डॉक्टरांना मिळतात. त्यातला एखादा पेढा सावंत माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. सावंत म्हणजे आमचा टेक्नॉलॉजिस्ट, मशीन चालवणारा, रत्नागिरीकडचा, पेढ्याच्या बाबतीत अत्यंत प्रामाणिक माणूस.

आता मोजायचं कसं? दिसत नाही ते मोजायचं, हीच तर सगळी मजा आहे. माणूस बहुतेक पाण्याचाच बनलेला, म्हणून माणसाऐवजी पाणी घ्यायचं. पारदर्शक टाकीत चाळीसेक लिटर पाणी भरायचं, त्यात ठरलेल्या खोलीवर एक मटाराच्या दाण्याएवढी हवेची पोकळी धरायची आणि किरण सोडायचे. किरणांमुळे त्या चिमूटभर हवेत विद्युतभार तयार होतो, इतका थोडा की तो मोजायला वेगळं नाजूक यंत्र लागतं. त्या चिमूटभर हवेवरून माणसाच्या गळ्यात काय घडणार ते सांगता येतं. एमएस्सीला हे समीकरण आमच्या सरांनी खडूनं फळ्यावर मांडलं होतं तेव्हा मी जांभई देत होते. पुढे त्याच समीकरणावर माणसं झोपलेली बघितली, आणि सरांच्या त्या तासाची मनातल्या मनात कितीदा माफी मागितली त्याला गणती नाही.

एक गोम आहे त्यात. पोकळीतली हवा बाहेरच्या हवेला जोडलेली असते. गरम झाली की ती पातळ होते, पोकळीत कमी हवा उरते, आणि यंत्र कमी आकडा दाखवतं. मग तापमान बघून तो आकडा सुधारून घ्यायचा. अकरावीच्या पुस्तकातला नियम. म्हणूनच आमच्यात रिवाज असा की टाकी आदल्या संध्याकाळी भरून ठेवायची. रातोरात पाणी खोलीइतकं थंड होतं, आणि पाणी, हवा, पोकळी सगळं एका तापमानाला येतं.

आता हौसाकाकीबद्दल सांगते.

मी मूळची इथल्याच नवघर गावची. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी आमची आळी अजून आळीच आहे. हौसाकाकी तिथली धवलारीण. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजींइतकाच मान धवलारणीचा. हळदीपासून पाठवणीपर्यंतचा एकेक विधी ती गाण्यानं, म्हणजे धवळ्यांनी, लावते. पुस्तक नाही, वही नाही, सगळं पाठ. माझं लग्न हौसाकाकीनंच लावलं. तिच्या आवाजाला लाऊडस्पीकर लागत नसे; लावला तर शेजारच्या बिल्डिंगवाले खिडक्या बंद करत.

त्या आवाजाला घोगरेपणा आला, तो दोन महिने हटेना, म्हणून तिचा मुलगा नितीन तिला माझ्याकडे घेऊन आला. नितीन मीरा रोडला शाळेची व्हॅन चालवतो. तपासणीत निघालं की स्वरतंतूवर गाठ आहे, अगदी सुरुवातीची. आमच्या मोठ्या डॉक्टर बाईंनी समजावलं की ऑपरेशनपेक्षा किरणांनी केलं तर गाठ जाईल आणि आवाजही वाचेल अशी चांगली आशा आहे. पण तेहतीस वेळा यायचं, आठवड्यातले पाच दिवस, आणि मध्ये खंड पाडायचा नाही. खंड पडला की उरलेल्या पेशी पुन्हा जोर धरतात.

"गाता येल ना?" काकीनं फक्त एवढंच विचारलं.

"प्रयत्न त्यासाठीच आहे," डॉक्टर म्हणाल्या.

काकी रोज संध्याकाळी पाचला यायची. हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. गळा हलू नये म्हणून चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून टेबलाला अडकवतात, तो तिला अजिबात आवडायचा नाही. "नवरीला पन येवडी झाकत न्हाय," असं ती सावंतला ऐकवायची. तेरा वेळा नीट पार पडलं.

चौदावा दिवस गुरुवार होता. मे महिना. आमची महिन्याची मोठी मोजणी त्याच आठवड्यात करायची होती. बुधवारी संध्याकाळी टाकी भरायला गेले तर नळाला पाणी नाही. शहराचं पाणी दुरुस्तीसाठी बंद. गुरुवारी दुपारी टँकर आला, पाणी गच्चीवरच्या टाकीत चढलं आणि तिथून पाइपानं आमच्याकडे आलं. मशीन मला तीन ते साडेचार एवढंच मोकळं मिळणार होतं. मी टाकी भरली आणि लगेच कामाला लागले. पाण्यात बुडवायचा थर्मामीटर मागच्या महिन्यात फुटला होता, नवा यायचा होता. पण भिंतीवर होता ना एक. तेवीस अंश. रोज तोच बघायचो, कारण रोज पाणी रात्रभर खोलीतच असायचं.

आकडा कमी आला. पावणेपाच टक्के कमी.

मी पुन्हा मोजलं. तेच. तिसऱ्यांदा मोजलं. तेच, फक्त किंचित वर सरकलेलं. मशीन तापत असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं. सकाळच्या रोजच्या तपासणीत मशीन ठीक दिसलं होतं. पण सकाळचं यंत्र छोटं, कामचलाऊ. आमच्या धंद्यात पाण्याचा शब्द शेवटचा मानतात. वीस-बावीस वर्षांचा अनुभव असलेली मी, मला क्षणभरही वाटलं नाही की पाणीच खोटं बोलत असेल. माझ्या मनात आलं ते वेगळंच: म्हणजे काकीला गेले काही दिवस कमी डोस जातोय! घाबरून मी मशीनचा डोस पावणेपाच टक्क्यांनी वाढवला. पुन्हा मोजलं. आता बरोबर आलं. टाकी ढकलून कोपऱ्यात नेली आणि सावंतला सांगितलं, "घे पेशंट."

पहिली हौसाकाकी. मी पडद्यावर तिला बघत होते. संपलं, मुखवटा निघाला, ती हात हलवून गेली.

सावंत पुढच्या रुग्णाला हाक मारायला निघाला. तेवढ्यात टाकी रिकामी करावी म्हणून मी तळाचं बूच काढायला पाण्यात हात घातला आणि हात तिथंच थांबला. पाणी कोमट होतं. कोमट कसलं, अंघोळीला चालेल इतकं गरम होतं.

मे महिन्यातली गच्चीवरची टाकी! सबंध शहराला ठाऊक आहे की दुपारी नळ सोडला तर हात भाजतो. मला सोडून सगळ्यांना. माझे वडील मिठागरावर होते. वाफ्यातल्या पाण्यात हात घालून ते पाणी मीठ धरायला कुठवर आलंय ते सांगायचे. त्यांच्या मुलीनं चाळीस लिटर पाण्यात हात घालून बघितलं नव्हतं. भिंतीकडे बघितलं होतं.

"सावंत, थांब!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेरच्या बाकावरची माणसं उठून उभी राहिली.

दोन रुग्ण बाहेर बसले होते. त्यांना थांबवलं. मशीन पुन्हा आधीसारखं केलं, सकाळच्या त्या कामचलाऊ यंत्रानं तपासलं, तर ते मुकाट्यानं बरोबर आकडा दाखवत होतं, सकाळी दाखवला तोच. पुढचे दोघे नीट पार पडले. मग मी खुर्चीत बसले आणि कागदावर अकरावीचं गणित केलं. पाणी अंगाइतकं, सदतीस अंशांचं धरलं, तर भिंतीवरच्या तेवीसशी चौदा अंशांचा फरक, म्हणजे पावणेपाच टक्के. बरोब्बर. निसर्गाचा एकही नियम चुकला नव्हता. तेवढ्या धक्क्यातही मला त्याचं कौतुक वाटलं, आणि मग त्या कौतुकाची लाज वाटली.

डॉक्टर बाईंना जाऊन सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"एकाच दिवसाचे पावणेपाच टक्के, विद्या. तेहतिसात वाटलेस तर काहीच उरत नाही. तुला माझ्यापेक्षा चांगलं कळतं."

"कळतं."

"फॉर्म भर. कमिटीपुढे ठेवू. पेशंटला सांगायला हवंच, पण कसं आणि कधी ते मला ठरवू दे. उपचार संपल्यावर सांगितलं तर काय बिघडेल? आत्ता घाबरून सोडून गेली तर तुझ्या चुकीपेक्षा शंभरपट नुकसान होईल."

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. रात्रभर मी तेच उलटसुलट करत राहिले. पण शुक्रवारी पाचला काकी समोर बसली आणि माझ्याकडे बघून हसली, तेव्हा ते मला पोटात ठेवता आलं नाही. डॉक्टरांना म्हटलं, मी सांगते, आत्ताच. त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या, हे मी विसरणार नाही.

"काकी, काल माझ्याकडून चूक झाली. तुम्हाला ठरल्यापेक्षा थोडं जास्त गेलं. त्यानं काही होणार नाही, पण झालं ते सांगितलं पाहिजे."

 बोलला नितीन.

"थोडं म्हणजे? ताई, तो आईचा गळा आहे. तुम्ही आपल्या गावातल्या म्हणून तुमच्या भरवशावर इकडे आणली. दुसरीकडे नेली असती तर—"

"दुसरीकडे चूक झाली असती तर कदाचित कळलंच नसतं, नितीन."

"बरं झालं असतं! झोप तरी लागली असती!"

तो आईला घेऊन निघून गेला. त्या दिवशी मुखवटा फळीवर तसाच राहिला.

शुक्रवार गेला. सोमवार गेला. मंगळवार गेला. सावंतनं दोनदा फोन केला, नितीननं उचलला नाही. तिसऱ्या वेळी उचलला आणि सांगितलं की मुंबईतल्या मोठ्या ठिकाणी दाखवलंय, तिथे सगळं नव्यानं करायला दहा दिवस लागतील म्हणतात. दहा दिवस! आमच्याकडे रिकाम्या दिवसांचं नुकसान काढायचं सूत्र असतं. मी ते रोज संध्याकाळी पाचला मांडायचे. माझ्या चुकीचा परिणाम दशांशचिन्हानंतर कुठेतरी हरवत होता. गेलेल्या तीन दिवसांचा मात्र स्पष्ट दिसत होता. मी खरं बोलले आणि त्यामुळे तिच्या गळ्याचं जास्त वाईट होत होतं. डॉक्टर बाई मला एकदाही 'बघ, म्हटलं नव्हतं' असं म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बुधवारी सकाळी मी नवघरला गेले. काकी ओटीवर बसून लसूण सोलत होती. गळ्यावर किरणांनी आलेला लालसरपणा दिसत होता. आवाज उरला नव्हता, ती कुजबुजल्यासारखी बोलत होती. नितीन व्हॅन धूत होता. त्यानं मला बघितलं आणि पाण्याचा पाइप जोरात सोडला.

"बस गो विद्याबाय," काकी म्हणाली.

मी बसले. बरोबर आणलेला सूत्राचा कागद पर्समधून काढला, आणि ओटीवर लसणाच्या सालांमध्ये तो इतका हास्यास्पद दिसला की पुन्हा आत ठेवला. सरळ बोलले. "काकी, मला शिक्षा करायची ती करा. पण आज पाचला या. किंवा त्या मोठ्या हॉस्पिटलात आज जा. पण दहा दिवस थांबू नका. थांबलात तर गाठ जोर धरेल."

"मना एक सांग. तू न सांगतीस तं मना कलला असता?"

"नाही."

"त्या डाक्टरनीला?"

"त्यांनाही नाही. कुणालाच नाही."

"मंग कशाला सांगलास?"

  "कारण मला कळलं होतं," एवढंच म्हटलं.

काकीनं सुरी बाजूला ठेवली. नितीनकडे बघत, जमेल तेवढ्या आवाजात म्हणाली, "राई गावाला एका लग्नान मी एक धवला इसरली. आठवतंय तुला? तू होतास गाडी घेवून."

"आठवतंय," नितीन नाइलाजानं म्हणाला. "पूर्ण विधी परत पहिल्यापासून घेतलास. दीड तास उशीर. फोटोवाला शिव्या देत होता."

"कुनाला कलला होता? नवरीला न्हाय, भटाला न्हाय. पन मना कलला ना. मंग लगीन लागला असं मी कसा म्हनू?" तिनं माझ्याकडे बोट केलं. "ही पन तशीच हाय. चुकली, आन् मागं फिरली. जी मागं फिरते तिच्याच हातान मी गला देनार. मोठ्या जागेला कोन कसा हाय, मना काय म्हायत?"

"आई, पण—"

"पन न्हाय आन् बिन न्हाय. पाचला गाडी काढ."

नितीननं पाइप बंद केला.  मग मला म्हणाला, "ताई, आज तुम्ही स्वतः चेक करणार ना? पाण्यात हात घालून?"

"घालून," मी म्हटलं. खरं तर रोजच्या उपचाराला पाण्याची टाकी लागतच नाही, पण हे समजावण्याची ती वेळ नव्हती. पाचला मी त्याला खोलीत सोबत घेऊन गेले. मी एका बादलीत हात घातला आणि त्याच्या समाधानासाठी अंश सांगितले. सावंतनं चेहरा अगदी गंभीर ठेवला.

गेलेले तीन दिवस डॉक्टरांनी भरून काढले; काही दिवस काकीला दोनदा यावं लागलं, सकाळी आणि संध्याकाळी, मध्ये सहा तासांचं अंतर ठेवून. तेहतीस पूर्ण झाले. शेवटच्या दिवशी तिनं मुखवटा घरी न्यायला मागितला आणि रागानं पिशवीत कोंबला.

आणि मग वाट बघणं. हा भाग लोकांना माहीत नसतो. किरण काही सेकंदात आपलं काम करून निघून जातात, पण त्यांनी काय केलं ते महिन्यांनी कळतं. आठ आठवडे काकीचा आवाज फक्त कुजबुज होता. मग एक खरखर आली. डॉक्टर म्हणाल्या, गाठ दिसत नाही, पण पाच वर्षं लक्ष ठेवायचं. आवाजाबद्दल त्या काही बोलल्या नाहीत. गणितानं मला हजारदा सांगितलं होतं की ती खरखर माझी नाही. तरी ती ऐकली की मला ते कोमट पाणी आठवायचं आणि जेवण जायचं नाही. एमएस्सीच्या अभ्यासक्रमात यावर उपाय नव्हता. यापुढे लिनॅकच्या खोलीत कुणीही काम करो, टाकीत आधी हात बुडवल्याशिवाय मोजणी सुरू करायची नाही, असा लेखी नियम मी करून ठेवला. नवा थर्मामीटर आल्यावरही तो नियम राहिला. परवा ऐकलं की अजून आहे.

पुढच्या लग्नसराईत आमच्या आळीत एक लग्न निघालं आणि नितीनचा फोन आला. "ताई, आई म्हणते ती लावणार. पूर्ण नाही, सुरुवातीचं तेवढं. तुम्हाला यायला सांगितलंय."

सकाळची वेळ होती. मांडवात डीजेवाल्यानं आपलं सामान लावून ठेवलं होतं, मुली मोबाइल धरून उभ्या होत्या. हौसाकाकी पाटावर बसली. मी मागच्या रांगेत, खांबाच्या आड बसले. मला तिचा चेहरा दिसायला नको होता.

ती सुरू झाली, आणि तो तिचा जुना आवाज नव्हता. खाली उतरला होता, जाडसर झाला होता, कडेला खरवडल्यासारखा. पण आवाज होता. सूर होता. डीजेवाल्यानं हातातली वायर खाली ठेवली.

लग्न लावायच्या आधी धवलारीण सगळ्यांना नावानं बोलावते. तिनं गावदेवीला बोलावलं. वेशीवरच्या देवाला बोलावलं. खाडीला बोलावलं, आता नसलेल्या मिठागरांना बोलावलं, दोन्हीकडच्या मेलेल्या माणसांना एकेक करून बोलावलं. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आलेय. मग तिनं दम घेतला आणि असं काही म्हणाली जे कोणत्याही धवळ्यात नाही. खिडकी नसलेल्या घरात राहणाऱ्या, डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडा, तू पण ये. ज्यानं माझा गळा मला परत दिला त्या उजेडा, तू ये, आणि तुझं माप घेणारीला सोबत घेऊन ये.

मांडवात कुणाला काही वेगळं वाटलं नाही. बायांनी पुढची ओळ उचलली.

तीस वर्षं मी त्या किरणांना मोजलं, अडवलं, भिंतींच्या आड कोंडून ठेवलं. त्यांच्यापुढे थक्क झाले, एकदा त्यांच्याबाबत चुकले. त्यांना कुणी लग्नाला बोलावेल असं माझ्या कधी मनात आलं नव्हतं. मला रडू आवरेना. पण बोलावणं आलं होतं, म्हणून मी खांबाच्या आडून उठले आणि पुढे जाऊन हौसाकाकीच्या शेजारी बसले.